कारुसंगाचा बोडका खांब

१

खांब बोडका होता.

स्कोविया नामुकासा गवतातून धापा टाकत टेकडीच्या खांद्यावर आली, पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि समोर बघतच राहिली. कमरेएवढ्या काँक्रीटच्या खांबावर पांढऱ्या घुमटीसारखी अँटेना असायला हवी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं ती स्वतःच्या हातानं बसवली होती. आता तिथं नुसती बोल्टाची भोकं होती, आणि एका भोकात गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. घर जुनं होतं, वाळून भेगाळलेलं. म्हणजे अँटेना कालपरवा गेलेली नव्हती.

जगभर असे शेकडो खांब आहेत. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांचे संकेत ते झेलतात आणि दर सेकंदाला पुढे पाठवतात. त्या अखंड प्रवाहाच्या भरवशावर मोजणीदार हद्दी आखतात, जहाजं बंदरात शिरतात. युगांडातल्या खांबांचा प्रवाह आधी एंटेबेच्या केंद्रात यायचा आणि तिथून जगाकडे जायचा. कारुसंगाच्या खांबावर आणखी एक जबाबदारी होती. रुवेन्झोरीच्या पायथ्याशी ज्या उतारावर तो उभा होता, तो उतार जागा सोडतोय का, हे त्यानं सांगायचं होतं. उताराखाली गाव होतं.

तिनं एंटेबेला फोन लावला. पडद्यापुढे तिचा सहकारी वान्यामा बसला होता; त्या पडद्यावर ठीक असलेला खांब हिरवा दिसायचा, बिघडलेला लाल.

"कारुसंगा कसं आहे?"

"कसं असणार? हिरवं. तुला इथं बसायचा कंटाळा आला म्हणून फोटो काढायचं निमित्त करून भटकायला गेलीस ना? मग भटक की! मला कशाला छळतेस?"

"प्रवाह येतोय?"

"दर सेकंदाला. जागा केसभर हललेली नाही. आणखी काही, राणीसाहेब?"

स्कोवियानं पुढे हात करून खांबाचा माथा चाचपला. थंडगार काँक्रीट. काहीही नव्हतं तिथं. 'अरे, इथं अँटेनाच नाही' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी हसलं.

२

हसणारा मुगेन्यी होता, खांबाचा राखणदार. हातात पांगा, म्हणजे लांब पात्याचा कोयता, पायात टायरच्या चपला. तो नेमका कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलंही नव्हतं.

"या मॅडम," तो म्हणाला. "रस्ता सापडला म्हणायचा."

तोरोत, म्हणजे या डोंगराळ मुलखात, माणसाला मॅडम म्हणत नाहीत. आधी त्याचं लाडनाव विचारतात, अबवोली, अकीकी, अमूटी, आणि मग बोलणं सुरू होतं. नाव न विचारता बोलणं म्हणजे दारातून हाकलणं. स्कोविया मूळची बुगांडाची, पण खांब उभारताना ती या गावात राहिली होती, आणि गावानं तिला अडयेरी हे नाव दिलं होतं. मुगेन्यी त्याच नावानं हाका मारून तिला दगडांवरून वर आणायचा.

"अँटेना कुठं आहे, मुगेन्यी?"

"मला काय माहीत?"

"तू राखणदार आहेस!"

"खांबाचा. खांब आहे की." त्यानं पांग्याच्या पात्यानं खांबावर टकटक केलं. मग डोळे बारीक करून विचारलं, "तुमच्या पडद्यावर काय दिसतंय?"

तिनं खांबाशेजारच्या यंत्राच्या खोपीचं कुलूप काढलं. आत रिसीव्हर चालू होता, दिवा लुकलुकत होता, पण त्याला ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. कान कापलेल्या माणसासारखा तो नुसता जागा होता. अँटेनेकडे जाणारी केबल खांबाच्या मागे पडली होती. तिचं टोक तिनं उचललं आणि ती थबकली.

केबल कापलेली नव्हती. पेच सोडवून मोकळी केली होती. तोंडात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली होती, आणि पिशवी केळीच्या सोपटानं घट्ट बांधली होती. गाठ बघण्यासारखी होती.

दरवर्षीच्या फोटोंत खांब ताठ आहे का ते दाखवावं लागे, म्हणून तिनं त्याच्या माथ्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरसर धावत कडेला गेला आणि तिथंच चिकटून बसला.

"खांबाला कुणी धडक दिली का?"

"हो तर," मुगेन्यी म्हणाला. "डोंगरानं."

३

गावाची चेअरमन काबान्योरो घराच्या अंगणात बाजरीचं पीठ चाळत होती. अंगावर निळी गोमेसी, म्हणजे तिथल्या बायकांचा पायघोळ झगा, कमरेला पट्टा. स्कोवियाला बघून ती उठली नाही. तिनं चटईसुद्धा टाकली नाही.

"अँटेना चोरीला गेलीय," स्कोविया म्हणाली.

"असं? आणि तुमच्या पडद्यावर काय दिसतंय?"

तोच प्रश्न. शब्दसुद्धा तेच.

"ते नंतर सांगते. कधीपासून नाही ती?"

"का? तुमच्याकडे कळत नाही वाटतं? तुमचं यंत्र तर रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. रेडिओवर सांगितलं होतं तुमच्या साहेबानं."

"कोणत्या साहेबानं?"

"सेन्तोंगो. गोड बोलतो मेला. आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन ओरडलो की डोंगराला भेगा पडल्यात, चर्चची भिंत फाटलीय. तर तो फोर्ट पोर्टलच्या रेडिओवर येऊन म्हणाला, कारुसंगाचा डोंगर नखभरही हललेला नाही, लोकांनी दारू कमी प्यावी. सगळा बाजार हसला आम्हाला. चहाच्या मळ्यावर आमच्या बायकांना विचारतात, काय गं, आज डोंगर कुठवर आला?"

तेवढ्यात शेजारच्या घरातून बागुमा काठी टेकत आला; गाव त्याला म्झे, म्हणजे आजोबा, म्हणायचं. सत्तरी उलटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, पण चेहरा उजळला.

"अडयेरी! आवाजावरूनच ओळखलं. जेवलीस का? बाजरीचा कारो आहे, घेवड्याचं फिरिंदा आहे. या बायकांचं ऐकू नकोस. यांना भेगा दिसतात. अगं, सरकारचं यंत्र खोटं बोलेल का?"

"म्झे, आत जा," काबान्योरो फटकारून म्हणाली. मग ती स्कोवियाकडे वळली. "चला. डोळे आणलेत ना सोबत?"

केळीच्या बागेमागे जमीन उभी फाटली होती. स्कोवियानं भेगेत हात घातला. कोपर आत गेलं, खांदा टेकला, तरी बोटांना तळ लागला नाही. आतून ओली, थंड हवा वर येत होती.

"आता सांगा," काबान्योरो तिच्या डोक्यावर उभी राहून म्हणाली. "तुमच्या पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवं," स्कोविया म्हणाली. "नखभरही हललेलं नाही."

काबान्योरो पचकन थुंकली.

४

स्कोविया पुन्हा खांबापाशी गेली. गावात तिला कुणी पाणी विचारणार नव्हतं, आणि तिला विचार करायला मोकळी जागा हवी होती.

तिनं लॅपटॉप उघडला. जगातला कुणीही घेतो तसा तिनं कारुसंगाचा प्रवाह बाहेरून घेतला. आला. ठणठणीत. या घडीला कोणता उपग्रह कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर दिसतोय, त्याची ओळ सेकंदागणिक बदलत होती.

अँटेना नाही आणि प्रवाह आहे. अँटेना दुसरीकडे नेऊन बसवली असेल का? पण मग जागा बदलली असती. पलीकडच्या झाडापर्यंत नेली तरी लगेच कळलं असतं. ही तर याच खांबाची जागा सांगत होती, अगदी नेमकी.

अतीच नेमकी, तिला वाटलं. खरा खांब कधी इतका शांत नसतो. ऊन, ढग, वारा यांनी आकडे थोडे तरी थरथरतात. 'केसभर हललेली नाही,' असं वान्यामा म्हणाला होता. खऱ्या यंत्राबद्दल असं कधीच म्हणता येत नाही.

तिनं मान वर केली. पश्चिमेला रुवेन्झोरीची भिंत आभाळ अडवून उभी होती. तिनं हात सरळ लांब केला आणि मूठ क्षितिजावर धरली. मोजणीच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं की अशी मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. डोंगराचा माथा मुठीच्या वर राहिला. त्यावर आणखी अर्धी मूठ ठेवली, तेव्हा कुठे तो झाकला.

मग तिनं पडद्यावर पश्चिमेचे उपग्रह पाहिले. त्यांतला एक सहा अंशांवर होता.

ती ताडकन उभी राहिली. सहा अंश म्हणजे डोंगराच्या पोटात! या खांबावरून तो उपग्रह दिसणं शक्यच नव्हतं. आज नाही, अँटेना होती तेव्हाही नाही. संकेत दगडातून येत नाहीत.

तो ज्यांना दिसत होता ते खांब तिला माहीत होते. कासेसे, मासिंदी आणि म्बरारा. तिघांचं आभाळ मोकळं. मोजणीदारांच्या सोयीसाठी केंद्रात एक व्यवस्था होती. आजूबाजूच्या तीन खांबांवरून हिशेब करून, मधल्या एखाद्या जागी खांब असता तर त्याला काय दिसलं असतं, ते सांगायचं. काल्पनिक खांब. त्याच्या वाटेत डोंगर येत नाही, कारण त्याला डोंगर ठाऊकच नसतो. आणि पायाखालची जमीन सरकली तरी तो सरकत नाही, कारण त्याला पायच नसतात.

कुणीतरी कारुसंगाच्या जागी काल्पनिक खांब बसवला होता, आणि त्याला खऱ्याचं नाव देऊन जगाकडे पाठवत होतं. हे मुख्य सर्व्हरवरूनच करता येत होतं, आणि त्याची किल्ली तिघांकडे होती. संचालक डॉ. रोमुशाना. वान्यामा. आणि ज्यांनी तिला हे काम बोट धरून शिकवलं, ते सेन्तोंगो सर.

पण मग अँटेना कुणी नेली? आणि केबलचं तोंड इतक्या मायेनं कुणी बांधलं?

५

आधी खोटा प्रवाह कोण चालवतंय ते बघायचं, असं तिनं ठरवलं.

रिसीव्हरला अँटेनाच नव्हती. तो चालू ठेवला काय आणि बंद केला काय, प्रवाहाला फरक पडणार नव्हता. म्हणून तिनं त्याला हातही लावला नाही. ती दगडावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि संचालकांना फोन लावला.

"सर, केबल बदलायची आहे. स्टेशन बंद करतेय."

"हे मला विचारायचं?" डॉ. रोमुशानांचा आवाज चाकूसारखा होता. "आधीच तुझ्या या सहलीला माझा विरोध होता. सोमवारी टेबलावर दिसली नाहीस तर तिथंच चहा खुडायला राहा." फोन आपटला गेला.

ती पडद्याकडे बघत बसली. ढगाची सावली उतारावरून सरकत गावापर्यंत गेली. प्रवाह हिरवाच.

दुसरा फोन वान्यामाला.

"स्टेशन बंद केलंय मी."

"काय बंद केलंस? कप्पाळ? इथं ढळढळीत हिरवं आहे. बटण कुठलं आणि बिजागरी कुठली ते तरी कळतं का तुला? आणि म्हणे इंजिनिअर!"

वान्यामाच्या शिव्या तिला एरवी झोंबायच्या. आज तिला त्या ऐकून बरं वाटलं. तो जे दिसत होतं ते सांगत होता.

तिसरा फोन लावताना तिचं बोट क्षणभर अडखळलं.

"बोल पोरी," सेन्तोंगो म्हणाले. ते दुपारी आपल्या खोलीत एकटेच बसत. "पोचलीस? म्हटलं होतं ना, मागच्या वर्षीचेच फोटो लाव म्हणून? रस्त्यानं कंबर मोडली असेल."

"मोडली, सर. केबल खराब आहे. आता वीज बंद करतेय. बंद केली."

"बरं, बरं. जपून कर."

तिनं फोन ठेवला. पडद्यावरची ओळ थोडा वेळ धावली, अडखळली, आणि थांबली. कारुसंगा लाल झालं.

योगायोग असेल, असं मन म्हणत होतं. तिला मनापासून तसंच हवं होतं. तिनं परत फोन लावला.

"सर, झालं. चालू केलं."

ओळ पुन्हा धावू लागली.

"सर, माफ करा, एक पेच राहिला. परत बंद केलं."

लाल.

खोपीत रिसीव्हरचा दिवा मघासारखाच लुकलुकत होता. तिनं जागेवरून उठूनही पाहिलं नव्हतं. प्रवाह तारेवर चालत नव्हता, तिच्या जिभेवर चालत होता. संशय येऊ नये म्हणून सेन्तोंगो सर इतके सावध राहिले, की सावधपणानंच सापडले.

"स्कोविया?" फोनवर त्यांचा आवाज होता. "पोरी, तू खरंच केबलच बदलतेयस ना?"

६

ती गावात परतली तेव्हा काबान्योरोच्या अंगणात दहाबारा माणसं जमली होती. कुणी बसलेलं नव्हतं. मुगेन्यीच्या हातात पांगा होता. म्झे बागुमा तेवढा कोपऱ्यात स्टुलावर.

"पोलिसांना बोलावलंत?" काबान्योरोनं विचारलं.

"नाही. अँटेना घ्यायला आले."

"कुणाकडून?"

"तुमच्याकडून."

माणसं पुढे सरकली. कुणीतरी शिवी हासडली.

"विकायला नेणारा केबल कापतो, कारण तांब्याला भाव असतो. इथं पेच सोडवलेत आणि तोंडाला पिशवी बांधलीय. जो परत जोडणार असतो तोच असं करतो. राखणदार गावचा, त्याला कळल्याशिवाय हे होत नाही. आणि आल्यापासून तुम्ही मला एकच प्रश्न विचारताय. चोरी झाली हे ऐकून एकालाही नवल वाटलं नाही. तुम्हाला फक्त माझ्या पडद्यावर काय दिसतं ते हवंय. तुम्ही चोरी केली नाहीत, चेअरमन. तुम्ही परीक्षा घेतलीत."

मग काबान्योरो आत गेली आणि खाटेखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. ते तिनं स्कोवियाच्या पायाशी ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ टाकलंच.

"त्यानं रेडिओवर आम्हाला दारुडे म्हटलं, त्याच आठवड्यात काढली," ती म्हणाली. "म्हटलं, डोळाच काढून घेऊ, मग बघू आंधळा काय म्हणतो. तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा रेडिओवर आला. म्हणे आज सकाळीच यंत्रात पाहिलं, डोंगर खिळ्यासारखा उभा आहे. तेव्हा तुमचं यंत्र माझ्या खाटेखाली होतं. त्यावर मांजर व्यायली होती."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. जिल्ह्याच्या साहेबाला. तो म्हणाला, सरकारी वस्तू चोरल्याबद्दल आत टाकतो. मग गप्प बसलो. म्हटलं, कधीतरी त्यांच्यातलं कुणीतरी येईल आणि बोडक्या खांबासमोर उभं राहील. मग त्याचं तोंड बघू."

स्कोविया गोणपाट सोडत होती. तिच्या डोक्यात तारखा आपोआप जुळत गेल्या. सेन्तोंगो पहिल्यांदा रेडिओवर बोलले तेव्हा अँटेना खांबावर होती, भेगा तर त्याहून आधीच पडल्या होत्या, आणि तरीही पडद्यावर डोंगर स्थिर होता. अँटेना गेली तेव्हा त्यांना ते कळलंसुद्धा नाही. म्हणजे खोटा प्रवाह अँटेना गेल्यामुळे सुरू झालेला नव्हता. तो आधीपासूनच वाहत होता. लबाडी करणारा एक, अँटेना काढणारी दुसरी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

मग सेन्तोंगोंनी खरा प्रवाह कशासाठी बाजूला केला होता?

तिनं अँटेना उचलली आणि ती धावतच टेकडीकडे निघाली.

७

गांधीलमाशीचं घर खरवडून तिनं पेच आवळले आणि केबल जोडली. रिसीव्हरनं आभाळ शोधायला सुरुवात केली. मुगेन्यी आणि काबान्योरो खोपीच्या दारात उभे होते, हाताच्या घड्या घालून.

आकडे आले. तिनं ते कासेसेच्या खांबाशी ताडून पाहिले. मग पुन्हा पाहिले.

"बोला," काबान्योरो म्हणाली.

"खांब बसवला तेव्हापासून तो गावाकडे सव्वा मीटर सरकलाय. आणि हातभर खाली गेलाय." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "खांब एकटा सरकत नाही. सगळा उतार सरकलाय."

काबान्योरोच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. तिनं एकदाच डोळे मिटले आणि मुगेन्यीकडे वळून म्हणाली, "घंटा वाजव. पलीकडच्या शाळेत चला म्हणावं. आधी म्हातारी माणसं."

स्कोवियानं सेन्तोंगोंना फोन लावला. या वेळी तिनं सर म्हटलं नाही.

"खांबावर अँटेनाच नव्हती. गेले कित्येक महिने. तुम्ही आज मला काय बंद करून दाखवलंत?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तो खांब दररोज घसरत होता," मग ते म्हणाले. "दररोज लाल. जर्मनीहून, अमेरिकेहून पत्रं, तुमचं एक स्टेशन बिघडलंय, सगळं जाळं खराब करतंय, काढून टाका. मी हे जाळं उभं केलं, पोरी. एकही खांब कधी काढावा लागला नव्हता. मला वाटलं खांबाचा पाया कच्चा आहे. दुरुस्त होईपर्यंत काल्पनिक चालवू. चारच दिवस."

"आणि लोक भेगा पडल्या म्हणून आले तेव्हा?"

"तेव्हा... तेव्हा फार उशीर झाला होता. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"म्हणून त्यांना दारुडे म्हणालात."

तिनं फोन तोडला आणि संचालकांना लावला. डॉ. रोमुशानांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "काहीही बाहेर पाठवू नकोस. आधी समिती नेमू. केंद्राची अब्रू आहे. ऐकतेयस ना? नोकरी प्यारी असेल तर त्या रिसीव्हरला हात लावू नकोस."

"हो, सर," ती म्हणाली, आणि तिनं रिसीव्हरला हात लावला.

त्याचा प्रवाह एंटेबेला जात होता. तिनं तो एंटेबेला वळसा घालून थेट जगाच्या मुख्य केंद्राकडे वळवला. सोबत चार ओळी जोडल्या: हा कारुसंगाचा खरा खांब आहे, याआधी येत होता तो नव्हता, हा उतार घसरतोय, खाली माणसं राहतात. खाली स्वतःचं नाव घातलं.

आता ते झाकणं रोमुशानांच्या हातात उरलं नव्हतं. तासाभरात जगातल्या साऱ्या केंद्रांच्या पडद्यांवर एक खांब सव्वा मीटर उडी मारून बसलेला दिसला. संध्याकाळी जिल्ह्याचा साहेब स्वतःच्या गाडीतून गावात आला, तेव्हा त्याचा फोन कानाला चिकटलेलाच होता, आणि तो 'येस सर, येस सर' याखेरीज काही बोलत नव्हता.

८

सगळे निघाले. म्झे बागुमा निघाला नाही.

स्कोविया रोज त्याच्या दारात जाऊन बसायची. तो तिला केळी द्यायचा, भाजलेली. बाकी कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

"म्झे, चला. हात जोडते."

"अडयेरी, हे यंत्र तूच बसवलंस ना?"

"हो."

"तेच म्हणालं ना, डोंगर हलत नाही?"

"ते यंत्र नव्हतं, बाबा. त्याच्या नावानं माणूस बोलत होता. खोटं बोलत होता."

म्हातारा बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग त्यानं आपले पांढुरके डोळे तिच्यावर रोखले. तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता.

"मग आज जे बोलतंय ते खरं कशावरून?"

तिच्यापाशी आकडे होते, पुरावे होते, मुठीवर अर्धी मूठ ठेवून दाखवता आली असती. पण त्याला आता डोंगरही धड दिसत नव्हता. त्याला फक्त माणसांचा आवाज कळायचा, आणि तो आवाज त्याला आधीच फसवून गेला होता. मुगेन्यीनं आणि दोघा पोलिसांनी त्याला एकदा उचलूनही नेलं. दुसऱ्या दिवशी तो शेळ्यांना चारा घालायचा म्हणून परत आला आणि आतून कडी घालून बसला.

रविवारी भर दुपारी डोंगर आला. फार मोठा आवाज झाला नाही. पलीकडच्या शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या माणसांनी पाहिलं, की केळीच्या बागा उभ्याच्या उभ्या चालू लागल्या आहेत. चर्च, बाजाराची ओळ, काबान्योरोचं अंगण, सगळं मातीखाली गेलं. स्कोवियाच्या लॅपटॉपवर खांबाचे आकडे खाली, आणखी खाली गेले आणि तुटले. बागुमाचं घर कुठं होतं ते दाखवायलासुद्धा काही उरलं नाही. त्याला शोधायला लोक हातांनी माती उपसत होते. तो सापडला नाही.

सेन्तोंगोंवर खटला भरला. डॉ. रोमुशानांना केंद्रातून जावं लागलं. चौकशीत साक्ष देताना सेन्तोंगो स्कोवियाकडे बघून म्हणाले, "मी डोंगर ढकलला नाही." ती म्हणाली, "नाही. तुम्ही एका म्हाताऱ्याला त्याच्याखाली बसवून ठेवलंत."

उरलेला उतार अजून हलत होता, म्हणून नवा खांब लागणार होता. केंद्रानं जागा मागायला स्कोवियालाच पाठवलं. काबान्योरो शाळेच्या पटांगणातल्या पत्र्याच्या छपराखाली भेटली. तिनं चटई टाकली नाही.

"जागा देऊ," ती म्हणाली. "पण खांब आमच्या डोंगरावर आणि पडदा एंटेबेला, हे आता चालणार नाही. पडदा या शाळेत हवा. खोपीची किल्ली आमच्याकडे हवी. आणि ते आकडे वाचायला आमच्या चौघांना शिकवायचं. कबूल असेल तर खणा, नाहीतर चालू लागा."

नव्या संचालकांनी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा कबूल केलं.

खांब उभा राहिला. शाळेतल्या एका वर्गाच्या भिंतीवर पडदा लागला, आणि त्यापुढे बाकांवर चौघं बसली. काबान्योरो, मुगेन्यी, शाळेची मास्तरीण आणि चहा खुडणारी एक पोर. नवा प्रवाह सुरू होईपर्यंत स्कोवियानं महिनाभर रोज जुन्या आकड्यांवर शिकवलं. रोज तिला कुणीतरी टोमणा मारला, आणि रोज ती दुसऱ्या दिवशी परत आली.

शेवटच्या दिवशी पहिला खरा आकडा पडद्यावर उतरला. स्कोविया सवयीनं पुढे झाली, बोट ठेवून सांगू लागली, "हे बघा, आज डोंगर..."

काबान्योरोनं तिचा हात धरून बाजूला केला. रागानं नाही, पण हळूही नाही.

"तुम्ही सरा, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही वाचतो."